पॅनेल चालू करण्याआधी

तुमच्या वर्गात नवं इंटरॅक्टिव्ह पॅनेल बसणार असेल किंवा गावाच्या वर्गणीतून प्रोजेक्टर येणार असेल, तर त्याआधी एक काम करून बघा. आपला मोबाइल टेबलावर ठेवा, ध्वनिमुद्रण चालू करा आणि नेहमीसारखी तासिका घ्या. संध्याकाळी ते निवांत ऐका. ऐकताना कागदावर दोनच गोष्टी टिपायच्या: आपण किती मिनिटं बोललो आणि मुलांपैकी कोण कोण बोललं. सगळ्यांनी एका सुरात म्हटलेलं 'होऽ मॅडम' यात धरू नका. ज्या मुलानं स्वतःच्या शब्दांत एक तरी पूर्ण वाक्य उच्चारलं, त्याचंच नाव लिहा.

हा कागद जपून ठेवा आणि पॅनेल आल्यावर महिन्याभरानं पुन्हा तसंच करा. नावं वाढली असतील, तर साधन कामी आलं. नावं तेवढीच राहिली आणि आपल्या आवाजाच्या जागी व्हिडिओतला आवाज आला, एवढाच फरक दिसला, तर शिकवण्याची पद्धत तपासायला हवी.

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या जिल्हा परिषद शाळेत सहावी ते आठवीला गणित आणि विज्ञान शिकवते. फळा, मोबाइल, टॅब, प्रोजेक्टर या सगळ्यांना मी एकच कसोटी लावते: यामुळे मुलांच्या वाट्याला काम किती आलं? अंदाज बांधणं, मोजणं, चुकणं, वाद घालणं, पुन्हा करून बघणं ही कामं मुलांची आहेत. जे साधन ती कामं मुलांकडून काढून घेतं, ते कितीही महाग असलं तरी माझ्या वर्गात मी वापरत नाही.

मुलाला केंद्रस्थानी ठेवण्याचा हा विचार आपल्याकडे संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी मुलांसाठी जे काम उभं केलं, त्यात मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच अंगणात गेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात गेली आणि 'कुरणशाळा' झाली. लीलाताई पाटील यांनी 1985 मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, तेव्हा परिसर आणि मुलांचे अनुभव हेच तिथलं मोठं साहित्य होतं. पुढे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं कलम 29 मध्ये कृतीतून, शोधातून, बालकेंद्री पद्धतीनं शिकवावं असं लिहूनच ठेवलं. जून 2015 च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' शासन निर्णयानंतर ज्ञानरचनावाद हा शब्द केंद्राच्या प्रत्येक शिक्षण परिषदेत ऐकू येऊ लागला आणि साधारण त्याच काळात डिजिटल शाळांची लाट आली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी आल्या, त्यामुळे अनेक ठिकाणी त्या एकच समजल्या गेल्या. पडद्यावर चित्र हललं की ज्ञानरचनावाद झाला, असं वाटू लागलं. मुलं मात्र होती तशीच हाताची घडी घालून बसलेली होती.

म्हणून पहिली सूचना: जे हातात घेता येतं, ते पडद्यावर दाखवू नका. हरभऱ्याचं बी वर्गात भिजवता येतं, मग त्याचं चित्र कशाला? बल्ब, सेल आणि वायरचे दोन तुकडे कुठल्याही तालुक्याच्या बाजारात मिळतात. अरविंद गुप्ता यांनी काडेपेट्या, सायकलच्या नळ्या आणि रिकाम्या बाटल्यांतून विज्ञानाची जी खेळणी बनवली, ती त्यांच्या संकेतस्थळावर फुकट पाहायला मिळतात. ती आधी मुलांच्या हाताखालून जाऊ द्या. पडदा राखून ठेवायचा तो डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींसाठी: फार लहान, फार मोठ्या, फार दूरच्या किंवा फार सावकाश घडणाऱ्या. मुलांनी स्वतः बल्ब पेटवल्यावर फेट या पडद्यावरच्या आभासी प्रयोगांच्या मोफत संचातलं विद्युत मंडल उघडा. तारेतून इलेक्ट्रॉन सरकताना तिथं दिसतात. ते हातातल्या वायरीत कधीच दिसणार नाहीत. दिवसा भरणाऱ्या शाळेत रात्रीचं आकाश दाखवायला स्टेलेरियम हे सॉफ्टवेअर आहे. आणि हरभऱ्याला मोड येताना बघायचे असतील, तर मोबाइल एका जागी टेकवून ठराविक वेळानं फोटो घेत राहा. ते जोडून चालवले की अंकुर वळताना दिसतो. हा व्हिडिओ मुलांनी बनवलेला असतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा पाहिला जातो.

तयार व्हिडिओ दाखवायचाच असेल, तर मध्ये थांबवायची जागा आधी ठरवून ठेवा. प्रयोगाचा निकाल दिसण्याच्या क्षणभर आधी थांबवा आणि 'आता काय होईल?' हे प्रत्येकाला वहीत लिहायला सांगा. 'का' तेही लिहायला लावा. मग पुढचं दाखवा. ज्यानं पैज लावलीय, तो पडद्याकडे वेगळ्या नजरेनं बघतो.

आता एका पाठाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण साधन आणि मूल यांचं नातं मला त्यात सगळ्यात स्पष्ट दिसलं. आमच्या भागात उन्हाळ्याचं पाणी हा घराघरातला विषय. सातवीच्या मुलांनी गावातल्या काही विहिरींची पाणीपातळी दर महिन्याला मोजायची ठरवली. तुम्ही असा प्रकल्प घेतलात तर काही नियम पाळाच: कठडा असलेलीच विहीर निवडायची, मालकाची परवानगी घ्यायची, दोर मोठ्या माणसानंच सोडायचा आणि मुलांनी कठड्यापासून लांब उभं राहून ओल्या खुणेपर्यंतचा कोरडा दोर टेपनं मोजायचा. कठड्यावर खडूनं खूण करून मोजमाप दर वेळी तिथूनच घ्यायचं, नाहीतर आकडे जुळत नाहीत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. आम्ही ते महिने सांभाळले आणि मधलेही घेतले.

आकडे मुलांनी शाळेच्या टॅबवर स्प्रेडशीटमध्ये भरले आणि आलेख काढला. ऑक्टोबरमध्ये अडीच मीटरवर असलेलं पाणी मार्चमध्ये आठ मीटरवर गेलं होतं. आलेखाची रेघ मात्र डावीकडून उजवीकडे वर चढत गेलेली. एक मुलगी म्हणाली, ''मॅडम, पाणी तर खाली गेलं. मग रेघ वर कशी काय चालली?''

इथं उत्तर द्यायची घाई शिक्षकानं करू नये. मी टॅब त्यांच्याकडेच राहू दिला. एकजण म्हणाला, टॅब चुकला. दुसऱ्यानं आकडे पुन्हा तपासले, ते बरोबर होते. बराच वेळ गलका झाला आणि मग मागच्या रांगेतला एक मुलगा, जो एरवी गणिताच्या तासाला तोंड उघडत नाही, तो बोलला: ''आपण पाणी मोजलंच नाही. आपण दोर मोजला. दोर वाढला म्हणून रेघ वर गेली.''

त्यानंतर वर्गाचे दोन तट पडले. एका गटानं प्रत्येक आकड्याआधी वजा चिन्ह लावलं आणि रेघ खाली आणली. खडूच्या खुणेची पातळी शून्य, हे त्यांनी आपणहून ठरवलं. दुसऱ्या गटाचं म्हणणं, विहिरीच्या एकूण खोलीतून दोराची लांबी वजा करा, म्हणजे खरं पाणी किती उरलं ते कळेल. त्यासाठी विहिरींची खोली मालकांना विचारावी लागली. ती कळल्यावर लक्षात आलं की दोन विहिरींत पाण्याची पातळी जवळजवळ सारखी असूनही एकीत पुरुषभर पाणी आहे आणि दुसरीत गुडघाभर. ऋण संख्या, आलेखाचा अक्ष, संदर्भबिंदू हे सगळं त्या एका प्रश्नातून आलं. तो प्रश्न निर्माण व्हायला टॅब लागला. हातानं आलेख काढताना मुलांनी माझ्या सांगण्याप्रमाणे अक्ष आखले असते आणि शंका यायला जागाच उरली नसती. यंत्र निर्विकारपणे आकडे मांडतं आणि तिथं मुलाच्या समजुतीला धक्का बसतो. सीमोर पेपर्ट यांनी 'माइंडस्टॉर्म्स' या 1980 च्या पुस्तकात हाच आग्रह धरला होता की, संगणकानं मुलाला चालवण्यापेक्षा मुलानं संगणकाला चालवावं. लोगो भाषेतल्या कासवाला आज्ञा देत भूमिती शिकणारी मुलं त्यांच्या डोळ्यांसमोर होती. आपल्याकडे विहीर आहे.

गटात एकच मोबाइल किंवा टॅब असेल, तर तो कुणाकडे जातो यावर लक्ष ठेवा. दांडगा किंवा हुशार मुलगा तो ताब्यात घेतो, बाकीचे त्याच्या खांद्यावरून बघत राहतात आणि मुली बहुतेक वेळा सगळ्यात मागे असतात. यावर माझा नियम असा: ज्याच्या हातात साधन, त्यानं काय करायचं ते ठरवायचं नाही, आणि जो ठरवतो, त्यानं साधनाला हात लावायचा नाही. त्यानं शब्दांत सांगायचं, दुसऱ्यानं ऐकून करायचं. तिसरा नोंद ठेवतो, चौथा शंका काढतो. ठराविक वेळानं सगळ्यांची कामं बदलतात. यामुळे हुशार मुलाला आपलं म्हणणं नीट सांगायला शिकावं लागतं, आणि घाबरणाऱ्या मुलाच्या बोटाला पडद्याची सवय होते. सुरुवातीला हे फार संथ वाटेल. पाठ पूर्ण होणार नाही. तरी महिनाभर चिकटून राहा.

वर्गात फक्त शिक्षकाचाच मोबाइल असेल, तरीही बरंच करता येतं. प्लिकर्स नावाचं अ‍ॅप आहे. त्यात प्रत्येक मुलाला एक छापील कार्ड मिळतं. कार्डाची जी बाजू वर धरली, ते त्याचं उत्तर. शिक्षकानं मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणी काय उत्तर दिलं ते दिसतं. शेजाऱ्याचं कार्ड बघून नक्कल करणं मुलांना अवघड जातं. याचा उपयोग गुण देण्यासाठी करू नका, गैरसमज शोधण्यासाठी करा. विचारा: 0.45 मोठी की 0.5? बरीच मुलं 0.45 म्हणतील, कारण पंचेचाळीस पाचापेक्षा मोठे. उत्तरं विभागली गेलेली दिसली, तरी बरोबर उत्तर लगेच सांगू नका. 'शेजाऱ्याला पटवून द्या' एवढंच म्हणा, दोन मिनिटं वर्ग बोलू द्या आणि मग पुन्हा कार्ड वर करायला सांगा. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांबरोबर हीच रीत वापरत आले आहेत. मला ती सहावीत जास्त चालते असं वाटतं, कारण नुकतंच समजलेलं मूल न समजलेल्याची अडचण आपल्यापेक्षा नेमकी ओळखतं. 'पन्नास पैसे आणि पंचेचाळीस पैसे' हा दाखला माझ्या वर्गात एका मुलानंच दुसऱ्याला दिला होता. ज्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक प्रश्नानंतर पहिला-दुसरा नंबर झळकतो, ती मात्र मी वर्गात आणत नाही. खालच्या नावांना रोज आपलं नाव खाली बघावं लागतं, आणि त्यांनीच बोलायला लागावं म्हणून तर सगळा खटाटोप आहे.

वाचनात अडखळणाऱ्या मुलांसाठी मोबाइलचा साधा रेकॉर्डर फार मोलाचा आहे. मुलाला परिच्छेद निवडू द्या. त्यानं तो वाचून रेकॉर्ड करावा, मग इअरफोन लावून एकट्यानं ऐकावा आणि जिथं अडखळलो तिथं पेन्सिलनं बारीक खूण करावी. या पहिल्या ऐकण्यात शिक्षकानं मध्ये पडू नये. मग पुन्हा वाचन, पुन्हा रेकॉर्ड. दोन्हींपैकी कुठलं ठेवायचं ते मूल ठरवतं. चारचौघांत चूक काढलेलं मूल आवाज बारीक करतं. स्वतःची चूक स्वतः ऐकलेलं मूल तो शब्द पुन्हा म्हणून बघतं. घरच्या बोलीचा उच्चार चुकीत धरू नका. एखादं मूल 'पाणी'ला 'पानी' म्हणतं, पण अर्थ त्याला पुरता कळलेला असतो. वाचून घेणारी अ‍ॅप आता मराठीतही आहेत, ती वापरा. पण अ‍ॅपला उच्चार कळला नाही म्हणून मुलाला वाचता येत नाही, असा शेरा कधीही मारू नका. तो निर्णय शेजारी बसून ऐकणाऱ्या माणसाचा आहे.

पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडबद्दल थोडंसं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी हे कोड पुस्तकात आणले, पुढे बालभारतीच्या पुस्तकांत ते सर्वत्र आले आणि 2017 मध्ये सुरू झालेल्या दीक्षा मंचाशी जोडले गेले. 2020 चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला, तेव्हा बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटली. या कोडचा पुढचा उपयोग आपल्या हातात आहे: कोड मुलांना बनवू द्या. आमच्या आठवीच्या मुलांनी शाळेच्या आवारातल्या झाडांची माहिती आजी-आजोबांना विचारून त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड केली आणि प्रत्येक झाडावर कोड लावला. लिंबाखाली उभं राहून मोबाइल धरला की गावातली एक आजी लिंबाच्या पाल्याचे उपयोग सांगते.

आमच्याकडे दिवाळीच्या आगेमागे अनेक कुटुंबं ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. मुलं गावात राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहं चालतात. जी मुलं जातातच त्यांना शिक्षण हमी कार्ड द्या आणि कारखान्याजवळच्या शाळेत प्रवेश झाला का, याचा पाठपुरावा करा. मोबाइल हा त्याला पर्याय नाही, हे आधी मनाशी पक्कं करा. पण मुलाचा वर्गाशी धागा टिकवायला तो उपयोगी पडतो. जाण्याआधी पालकांचा नंबर घ्या, फोन त्यांच्या हातात कधी असतो ते विचारा. बहुधा रात्री जेवणानंतर. तेव्हा एक छोटा आवाजी संदेश पाठवा आणि त्यात एकच प्रश्न असू द्या, तोही फडात उत्तर मिळेल असा. एका गाडीत किती मोळ्या बसल्या? काट्यावर वजन किती भरलं? मग एका मोळीचं सरासरी वजन किती? ते उत्तर आलं की वर्गात सगळ्यांना ऐकवा आणि त्यावरच त्या दिवसाचं गणित घ्या. फडावरच्या मुलाला इथं सहानुभूतीपेक्षा जास्त काही मिळतं: वर्गाला जी माहिती हवी आहे, ती फक्त त्याच्याकडे आहे.

आठवीतली मुलं आता गृहपाठाची उत्तरं कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अ‍ॅपला विचारतात. बंदी घालून हे थांबणार नाही. ज्याची माहिती फक्त मुलाच्या घरात, शेतात किंवा गावात आहे, असा गृहपाठ द्या. आणि अधूनमधून वर्गातच त्या अ‍ॅपला आपल्या गावाबद्दल, इथल्या पिकांबद्दल विचारा. आलेलं उत्तर फळ्यावर लिहा आणि मुलांना त्यातल्या चुका शोधायला लावा. यंत्र ठामपणे चुकीचं बोलू शकतं, हे एकदा स्वतः पकडलं की मूल पुढच्या वेळी तपासून बघतं.

मुलांच्या फोटोंबाबत कडक राहा. उपक्रमाचे फोटो आणि व्हिडिओ गटांवर, समाजमाध्यमांवर टाकण्याची सवय आपल्या सगळ्यांना लागली आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलं आहे आणि त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे. वर्षाच्या सुरुवातीलाच पालकांची लेखी संमती घ्या, आणि मुलालाही विचारा. अडखळत वाचणाऱ्या मुलाचं रेकॉर्डिंग त्याच्याशिवाय आणि तुमच्याशिवाय कुणाच्याही फोनवर जाता कामा नये. वरून फोटो मागितले गेले, तर मुलांच्या हातांचे, वह्यांचे, आलेखांचे फोटो पाठवा.

शेवटी पैशाबद्दल, कारण तो प्रश्न शाळा व्यवस्थापन समितीत येणारच. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यांना खर्चाचे आकडे उघडपणे सांगा. वर्गणी जमत असेल, तर एका मोठ्या पॅनेलऐवजी चार-पाच टॅब आणि इअरफोन मागा. एका वेळी जास्त हात कामाला लागतात. वीजबिलाची तरतूद त्याच बैठकीत करून घ्या. बिल थकून जोडणी तुटल्यामुळे बंद पडलेली डिजिटल साहित्याची खोली मी पाहिली आहे. भारनियमन असेल, तर इन्व्हर्टर किंवा लहान सौर संच घ्या. उरलेल्या पैशांत लांब टेप, तापमापक, ताणकाटे आणि भिंगं घ्या. फार महाग पडत नाहीत आणि बरीच वर्षं टिकतात.

त्या बैठकीला मुलांनाही बोलवा. आपलं काम त्यांनी स्वतः मांडावं आणि पुढचं साधन कुठलं हवं, ते त्यांनाच विचारावं. विहिरींचा आलेख गावापुढे ठेवल्यावर आमच्या मुलांनी पर्जन्यमापक मागितला, कारण कुठल्या पावसानं विहीर किती चढली हे त्यांना सांगता येत नव्हतं. तो विकत घ्यावा लागत नाही. सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली वरून कापा, तोंडाचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा, तळाचा खोलगट भाग पाण्यानं भरून तिथं शून्याची खूण करा आणि बाहेरून मिलिमीटरची पट्टी चिकटवा. झाडापासून आणि भिंतीपासून लांब, मोकळ्या जागी ती घट्ट रोवा. मोजणी रोज सकाळी साडेआठला करायची आणि मोजून झाल्यावर पाणी पुन्हा शून्याच्या खुणेपर्यंत आणायचं. हवामान विभागाचा चोवीस तासांचा पाऊसही सकाळी साडेआठपर्यंतचाच असतो, त्यामुळे मुलांचा आकडा तालुक्याच्या आकड्याशी ताडून बघता येतो. शाळेजवळ राहणाऱ्या दोन मुलांवर हे काम सोपवा, सुट्टीच्या दिवसांसकट.